तिसरा आल्यावर काय होते? अतिशीत अणुमिश्रणांतील त्रिकुटांचा आढावा

दोन अणू एकमेकांशी कसे वागतात हे पुरते ठाऊक असेल, तर तिसरा येऊन मिळाल्यावर काय घडेल हे आधीच सांगता येईल का? पुंजयामिकीत या प्रश्नाचे उत्तर गेली नव्वद वर्षे बदलत आले आहे. १९३५ साली लेवेलिन थॉमस यांनी अणुकेंद्रातल्या बलांचा विचार करताना एक अडचण दाखवून दिली. दोन कणांमधल्या आकर्षणाचा पल्ला कमी कमी करत नेला आणि जोडीची बंधनऊर्जा मात्र तीच ठेवली, तर तीन कणांचे त्रिकूट आतल्या आत कोसळत जाते आणि त्याच्या बंधनऊर्जेला तळच उरत नाही. जोडीची माहिती हाती असूनही त्रिकुटाबद्दल काहीतरी सांगायचे राहूनच जाते.

ते राहून गेलेले नेमके किती आणि कोणते, याचा शोध गेल्या वीस वर्षांत अणुकेंद्रांपेक्षा अतिशीत वायूंमध्ये अधिक झाला. निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही अब्जांशांपर्यंत थंड केलेल्या वायूत अणूंमधले आकर्षण प्रयोगकर्त्याला हवे तसे कमीजास्त करता येते. एकाच मूलद्रव्याच्या वायूंनी आधी फार आशादायक उत्तर दिले: त्रिकुटाचे भवितव्य जवळजवळ सगळेच जोडीवरून कळते. पुढे दोन वेगवेगळ्या मूलद्रव्यांची मिश्रणे प्रयोगात आली. त्यांनी हे उत्तर पक्क्या मोजमापावर आणले आणि त्याच्या अटीही दाखवून दिल्या. या लेखाचा भर त्या अटींवर आहे.

एफिमॉव्ह यांचे भाकीत

फार कमी ऊर्जेच्या टकरीत अणूची तरंगलांबी इतकी मोठी असते की समोरच्या अणूची बारीक रचना तिला दिसतच नाही. टकरीचा सगळा निकाल एका संख्येत मावतो. तिला प्रकीर्णन-लांबी म्हणतात. ती मोठी आणि ऋण असेल, तर दोन अणूंची जोडी जमता जमता राहिलेली असते. मोठी आणि धन असेल, तर त्याच लांबीच्या मापाची एक सैल, विरळ जोडी नुकतीच जमलेली असते. जोडी जमण्याच्या ऐन उंबरठ्यावर ही लांबी अनंत होते. बद्ध अवस्था आणि प्रकीर्णन या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे या एका संख्येतून दिसते.

लेनिनग्राडच्या आयॉफे संस्थेतील व्हिताली एफिमॉव्ह यांनी १९७० साली तीन एकसारख्या बोसॉनांचा विचार ऐन उंबरठ्यावर केला. दोघांना धड बांधता येणार नाही इतपतच आकर्षण असताना तिघांच्या बद्ध अवस्था मात्र एक-दोन नव्हे, तर अनंत असतात, असे त्यांचे गणित सांगत होते. प्रत्येक पुढचे त्रिकूट आधीच्याच्या २२.७ पट मोठे आणि त्याची बंधनऊर्जा ५१५ पट कमी. तिघांच्या एकूण पसाऱ्याचे माप घेतले, तर आकर्षणाचे विभव त्या मापाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अशा विभवाला स्वतःचे कोणतेही माप नसते. त्यामुळे एक अवस्था मिळाली की ठराविक पटीने मोठी अशी पुढची मिळालीच पाहिजे, आणि तिच्या पुढचीही. ही पट कणांच्या प्रकारावर नव्हे, तर वस्तुमानांवर आणि कोणकोणत्या जोड्या उंबरठ्यावर आहेत यावरच ठरते. म्हणून भाकीत हेलियम, सीझियम अशा सर्व बोसॉन अणूंना सारखेच लागू होते.

प्रतिसाद अविश्वासाचा होता. अमाडो आणि नोबल यांनी १९७१ साली हे गणित तपासून पाहिले. ते बरोबर निघाले, पण आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी या परिणामाला त्रिकण-प्रणालीची ‘विकृती’ म्हटले. निसर्गात जोडी इतकी नेमकी उंबरठ्यावर कुठे सापडणार, ही शंका रास्तच होती. हेलियम-४ ची जोडी पुरेशी सैल आहे. तिच्या त्रिकुटाची एफिमॉव्ह प्रकारची उत्तेजित अवस्था फ्रांकफुर्टच्या गटाने २०१५ साली प्रत्यक्ष टिपलीही. पण हेलियमच्या आकर्षणात फेरफार करता येत नाही, आणि फेरफार न करता अनंत मालिकेचे एकापेक्षा जास्त सदस्य तपासणे कठीण असते.

नळ हाती आला

अडसर दूर झाला तो फेशबाख अनुस्पंदनामुळे. अणूंच्या जोडीची एखादी बद्ध अवस्था चुंबकीय क्षेत्राने सरकवत टकरीच्या ऊर्जेशी जुळवली की प्रकीर्णन-लांबी शून्यापासून अनंतापर्यंत आणि धनापासून ऋणापर्यंत हवी तिथे नेता येते. एमआयटीत १९९८ साली सोडियमच्या बोस-आइनस्टाइन संघनितात हे प्रथम दिसले. ज्या सांख्यिकीवर हे संघनित उभे आहे ती सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्यात मांडली होती.

आता त्रिकूट ओळखायचे कसे, हा प्रश्न उरला. ते इतके नाजूक आणि अल्पायुषी असते की सहसा थेट पाहता येत नाही, म्हणून नुकसान मोजतात. तीन अणू जवळ आले की दोघांची घट्ट जोडी जमते, सुटलेली ऊर्जा घेऊन तिसरा उधळतो आणि तिघेही सापळ्यातून निसटतात. या तिहेरी पुनर्संयोगाचा वेग साधारणपणे प्रकीर्णन-लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. पण एखादे एफिमॉव्ह त्रिकूट ज्या ठिकाणी तीन सुट्या अणूंच्या उंबरठ्याला येऊन टेकते, तिथे हा वेग एकदम उसळतो. धन बाजूला याच्या उलट काही ठिकाणी दोन मार्गांच्या लहरी एकमेकींना छेदतात आणि नुकसान घटते. एस्री, ग्रीन आणि बर्क यांनी, तसेच स्वतंत्रपणे नील्सन आणि मासेक यांनी, १९९९ साली ही खूण सुचवली होती.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुकमध्ये रुडॉल्फ ग्रिम यांच्या गटाने २००६ साली ती शोधून काढली. सीझियमचा वायू १० नॅनोकेल्विनपर्यंत थंड केला असता सुमारे उणे ८५० बोर त्रिज्यांच्या प्रकीर्णन-लांबीपाशी नुकसानाचे शिखर उभे राहिले. छत्तीस वर्षांनी मिळालेला हा पहिला पुरावा होता, आणि त्यानंतर कामाला वेग आला. फ्लॉरेन्समध्ये पोटॅशियम, टेक्सासमधील राइस विद्यापीठात आणि इस्रायलमधील बार-इलानमध्ये लिथियम-७, हायडेलबर्ग आणि पेन स्टेटमध्ये लिथियम-६ चे तीन स्पिन-घटक, असे प्रयोग काही वर्षांत झाले. त्रिकुटासोबत येणाऱ्या चौकड्यांचे भाकीतही खरे ठरले. फोन स्टेखर, डिंकाओ आणि ग्रीन यांच्या २००९ च्या गणितानुसार प्रत्येक त्रिकुटामागे दोन चौकड्या असतात आणि त्यांची शिखरे त्रिकुटाच्या शिखराच्या ०.४३ आणि ०.९० पट प्रकीर्णन-लांबीपाशी येतात. त्याच वर्षी इन्सब्रुकमध्ये ती दिसली.

एक शिखर म्हणजे मालिका नव्हे

या सगळ्यात एक उणीव होती. एफिमॉव्ह यांच्या भाकिताचा गाभा म्हणजे पटींची मालिका, आणि प्रयोगांतून बहुतेक वेळा मिळत होते एकच शिखर. पुढचे शिखर पाहायचे तर प्रकीर्णन-लांबी २२.७ पट वाढवायची, म्हणजे एका मायक्रोमीटरच्या आसपास न्यायची. एवढ्या विरळ बंधनाला तापमानाचा जरासा धक्काही पुरतो, कारण ऊर्जेचे माप ५१५ पट खाली गेलेले असते. इन्सब्रुकच्या गटाने २०१४ साली सीझियममध्ये हे करून दाखवले. दुसरे शिखर उणे २०,१९० बोर त्रिज्यांपाशी मिळाले, पहिल्याचे स्थान नव्या मापनांनुसार पुन्हा ठरवले गेले आणि पट निघाली २१.०, अधिक-उणे १.३. सिद्धांताशी जुळणारी, पण दोनच बिंदूंवर उभी. तिसऱ्या शिखरासाठी आणखी २२.७ पट मोठा पल्ला लागला असता आणि तो कोणत्याही सापळ्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

दरम्यान दुसरीकडे एक अनपेक्षित गोष्ट घडली. थॉमस यांच्या अडचणीचा निकाल असा मानला जात होता की त्रिकुटासाठी एक संख्या वेगळी द्यावी लागते. मालिका कुठून सुरू होते हे ती सांगते, आणि अगदी जवळच्या अंतरावरच्या गुंतागुंतीवर अवलंबून असल्याने ती प्रत्येक अणूत, प्रत्येक अनुस्पंदनात वेगळी असणार, असा समज होता. पण २०११ साली इन्सब्रुकने सीझियमची चार वेगवेगळी शिखरे तपासली तेव्हा ती संख्या जवळजवळ एकच निघाली. लिथियम, पोटॅशियम आणि रुबिडियमच्या मापनांशी तुलना केल्यावर दिसले की अणूच्या व्हॅन डर वाल्स लांबीच्या, म्हणजे दोन अणूंमधल्या दूरवरच्या आकर्षणाच्या पल्ल्याच्या, सुमारे उणे नऊ पटीपाशीच पहिले शिखर येते. याचे स्पष्टीकरण पुढच्या वर्षी ग्रीन यांच्या गटाने आणि नंतर नेदों, एन्डो व उएदा यांनी दिले. दोन अणू व्हॅन डर वाल्स अंतरात शिरले की त्यांचा वेग इतका वाढतो की तिथे ते सापडण्याची शक्यता नगण्य होते, आणि तिघांसाठी त्या अंतरावर जणू भिंतच उभी राहते. आतली गुंतागुंत या भिंतीपलीकडे राहते आणि बाहेरच्या त्रिकुटाला तिचा स्पर्शही होत नाही.

म्हणजे ‘एक संख्या वेगळी द्या’ हे उत्तरही मागे पडले आणि ‘जोडीच्या आकर्षणाची दूरवरची शेपटी सांगा, त्रिकूट कळेल’ असे नवे उत्तर आले. ते फार आकर्षक होते. पण ते एकाच मूलद्रव्यावर, तीनही जोड्या सारख्याच असताना आणि बहुतांशी रुंद अनुस्पंदनांवर तपासले गेले होते. मिश्रणांनी नेमक्या या मर्यादांवर बोट ठेवले.

विषम वस्तुमानांचे गणित

वेगवेगळ्या वस्तुमानांच्या तीन कणांचा प्रश्न अणुकेंद्रशास्त्राला जुनाच आहे. त्यात भारतीय योगदानही आहे. ए. एन. मित्रा यांनी १९६२ साली त्रिकण प्रश्न विभाज्य विभवांच्या साह्याने सोडवण्याची पद्धत दिली आणि दिल्लीत ती परंपरा पुढे चालली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील इंद्र मजुमदार यांनी व्ही. एस. भसीन यांच्याबरोबर न्यूट्रॉनांनी भरलेल्या अणुकेंद्रांवर काम केले. कार्बन-२० म्हणजे कार्बन-१८ चा गाभा आणि त्याभोवती दोन सैल न्यूट्रॉन. मजुमदार, ए. आर. पी. राव आणि भसीन यांनी २००६ साली, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रयोगाच्याच वर्षी, दाखवले की अशा प्रणालीतील एफिमॉव्ह अवस्था उंबरठा ओलांडून गेली की नाहीशी होत नाही. कार्बन-१९ वर न्यूट्रॉन आदळवला असता ती प्रकीर्णनात फानो प्रकारच्या असममित अनुस्पंदनाच्या रूपाने परत दिसावी. सुट्या अणूंच्या वायूत बद्ध त्रिकुटाचा माग टकरींतून काढतात त्यामागेही हेच सूत्र आहे.

दोन जड आणि एक हलका अणू घेतला की चित्र डोळ्यांसमोर आणणे सोपे होते. फोन्सेका, रेडिश आणि शॅन्ली यांनी १९७९ साली ते स्पष्ट मांडले. हलका अणू दोन शेजारच्या घरांमध्ये निरोप ने-आण करणाऱ्या पोरासारखा दोन्ही जड अणूंकडे वारंवार ये-जा करतो, आणि त्याच्या येरझाऱ्यांतून जड अणूंमध्ये आकर्षण तयार होते. ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे नेमके एफिमॉव्हना हवे तसे. जड अणू जितके जड, तितकी त्यांची गतिज ऊर्जा कमी, तितका आकर्षणाचा वरचष्मा जास्त आणि तितक्या बद्ध अवस्था दाटीवाटीने. दोन सीझियम आणि एक लिथियम-६ यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर सुमारे २२ आहे, आणि त्यांच्यासाठी पट २२.७ वरून ४.९ वर येते. ही पट उलट दिशेनेही वाढते. एक जड रुबिडियम आणि दोन हलके पोटॅशियम घेतले, तर ती साडेतीन लाखांच्या घरात जाते, म्हणजे दुसरे त्रिकूट कोणत्याही प्रयोगशाळेच्या पलीकडे.

पोटॅशियम-रुबिडियमचा मार्ग खडतर का ठरला, हे यातून कळते. फ्लॉरेन्सच्या गटाने २००९ साली पोटॅशियम-४१ आणि रुबिडियम-८७ च्या मिश्रणात त्रिकुटांची शिखरे दिसल्याचे जाहीर केले. दोन रुबिडियम आणि एक पोटॅशियम धरले तरी पट १३१ येते, त्यामुळे मालिकेची पडताळणी शक्य नव्हती. एका शिखरावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. कोलोराडोतील जिला संस्थेने २०१३ मध्ये पोटॅशियम-४० च्या मिश्रणात तशी शिखरे शोधली. सापडली ती अणू आणि जोडी यांच्यातल्या अनुस्पंदनाची खूण. तीन सुट्या अणूंचे शिखर मात्र दिसले नाही. डेन्मार्कमधील आर्हुसच्या गटालाही २०१६ मध्ये मूळ मिश्रणात ती मिळाली नाहीत. अंतिम शब्द प्रयोगाचा, हे खरे. पण मालिकेची पट मोठी असेल, तर एकच शिखर स्वतःची साक्ष स्वतःच देत नाही, हा धडा या वादातून मिळाला.

लिथियम आणि सीझियम

लहान पट मिळावी म्हणून दोन गट आधीच लिथियम-सीझियमकडे वळले होते. हायडेलबर्गमध्ये माथियास वायडेम्युलर आणि शिकागोत चेंग चिन. अडचण अशी की वस्तुमानांतल्या मोठ्या फरकासाठी निवडलेले हे अणू एकत्र ठेवायला मात्र गैरसोयीचे आहेत. सीझियम जड, त्यामुळे सापळ्यात तो खाली बसतो. लिथियम हलका, तो वर राहतो. तापमान कमी होत जाते तसे दोन्ही ढग आकसतात आणि एकमेकांना भेटेनासे होतात. म्हणून दोन्ही वायू वेगवेगळे थंड करून नंतर एकमेकांवर आणावे लागतात. शिवाय ८४३ गॉसजवळच्या अनुस्पंदनात शिखरे इतकी जवळजवळ आहेत की चुंबकीय क्षेत्र गॉसच्या शतांशांपर्यंत स्थिर असावे लागते.

२०१४ साली दोन्ही गटांचे निकाल काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. शिकागोच्या गटाला सलग तीन शिखरे मिळाली आणि मोजलेली पट ४.९, अधिक-उणे ०.४. हायडेलबर्गची शिखरेही त्याच मालिकेत बसली. तीन शिखरे मिळून व्यापलेला पल्ला ४.९ चा वर्ग, म्हणजे सुमारे २४. एकाच मूलद्रव्याच्या वायूत फक्त दोन शिखरे पाहायलाही २२.७ चा पल्ला लागतो. तेवढ्याच पल्ल्यात मिश्रणाने तिसरे शिखरही दाखवले, आणि एफिमॉव्ह यांच्या भाकिताचा गाभा प्रथमच एका बिंदूऐवजी मालिकेवर तपासला गेला. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या गटाने २०१५ साली लिथियम-७ आणि रुबिडियमच्या मिश्रणातही शिखर नोंदवले.

सार्वत्रिकतेच्या अटी

इथपर्यंत सिद्धांताचा विजय होता. पण मिश्रणाने सोबत एक नवा धागा आणला. तीन अणूंत तीन जोड्या असतात. लिथियम-सीझियमच्या दोन जोड्या उंबरठ्यावर आहेत, पण तिसरी, म्हणजे सीझियम-सीझियमची जोडी, स्वतःच्या मर्जीने वागते. ८४३ गॉसजवळ तिची प्रकीर्णन-लांबी मोठी आणि ऋण असते. ८८९ गॉसजवळच्या दुसऱ्या अनुस्पंदनापाशी ती धन असते. हायडेलबर्गच्या गटाने २०१६ साली या दोन ठिकाणांची तुलना केली. धन बाजूला मालिकेचे पहिलेच शिखर नाहीसे झाले होते. कारण धन लांबी म्हणजे सीझियमची एक सैल जोडी अस्तित्वात आहे, आणि पहिले त्रिकूट तीन सुट्या अणूंच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्याऐवजी त्या जोडीच्या उंबरठ्यात विरून जाते. दोन अणूंच्या माहितीवरून त्रिकूट सांगता येते, पण त्यासाठी ज्या जोडीकडे कुणाचे लक्ष नव्हते तिचीही माहिती हवी.

दुसरी अट अनुस्पंदनाच्या रुंदीची. काही फेशबाख अनुस्पंदने रुंद असतात आणि तिथे जोडीचे वर्तन व्हॅन डर वाल्स शेपटीने ठरते. काही अरुंद असतात आणि तिथे आत दडलेली बद्ध अवस्था स्वतःचे एक माप घेऊन येते. शिकागोच्या गटाने २०१७ साली एकाच मिश्रणातील रुंद आणि अरुंद अनुस्पंदनांवरची शिखरे नेमकी मोजली. रुंद ठिकाणी नियम टिकला, अरुंद ठिकाणी शिखर ठळकपणे सरकले. एकाच मूलद्रव्यातही नंतर असाच निकाल आला. जिला संस्थेने २०१९ साली पोटॅशियम-३९ मध्ये फार नेमके मापन केले, तेव्हा पहिले शिखर व्हॅन डर वाल्स लांबीच्या सुमारे उणे चौदा पटीपाशी सापडले, उणे नऊपाशी नव्हे.

या निकालांनी २०११ चा शोध खोटा ठरत नाही. रुंद अनुस्पंदन, लक्षात घेतलेली तिसरी जोडी आणि पुरेसे कमी तापमान या अटी पाळल्या की तो खरा उतरतो. बदलले ते त्याचे स्थान. पूर्वी तो निसर्गाचा सरसकट नियम वाटत होता. आता तो एका मोठ्या चित्राचा एक कोपरा आहे, आणि त्या चित्रात अनुस्पंदनाची रुंदी आणि तिसऱ्या जोडीची लांबी हे दोन अक्ष आहेत. एफिमॉव्ह यांची पट मात्र या दोन्ही अक्षांवर फिरूनही टिकून आहे. मालिका कुठून सुरू होते हा तपशील बदलतो, मोठ्या आकारांच्या दिशेने पायऱ्यांमधले अंतर त्याच पटीकडे येत राहते. सार्वत्रिकतेची कोणती बाजू भक्कम आणि कोणती सशर्त, हा फरक मिश्रणांशिवाय इतका स्वच्छ झाला नसता.

फर्मिऑन घेतले तर

आतापर्यंतचे जड अणू बोसॉन होते. ते फर्मिऑन असले की पाउली यांचा नियम आड येतो. दोन एकसारखे फर्मिऑन एकमेकांच्या सान्निध्यात राहायचे टाळतात. त्यांचा सापेक्ष कोनीय संवेग किमान एक असावा लागतो, आणि त्यातून अपकेंद्री अडथळा उभा राहतो. हा अडथळाही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. हलक्या अणूने निर्माण केलेले आकर्षण आणि हा अडथळा दोन्ही एकाच घाताने बदलत असल्याने निकाल अंतरावर लागतच नाही; तो वस्तुमानांच्या गुणोत्तरावर लागतो. जड आणि हलक्याचे गुणोत्तर १३.६ च्या वर असेल तरच एफिमॉव्ह मालिका सुरू होते.

या उंबरठ्याच्या खालचा प्रदेशही तितकाच समृद्ध आहे. कार्तावत्सेव्ह आणि मालिख यांनी २००७ साली दाखवले की गुणोत्तर ८.२ ते १३.६ च्या दरम्यान असताना मोजक्या त्रिकुटांची एक वेगळी जात असते. त्यांचे आकार आणि ऊर्जा केवळ प्रकीर्णन-लांबी आणि वस्तुमान यांवर ठरतात. वेगळी संख्या लागतच नाही. थॉमस यांची अडचण इथे पाउली यांनी सोडवलेली असते. त्याहून थक्क करणारा निकाल कास्तँ, मोरा आणि प्रिकुपेन्को यांचा, २०१० चा. तीन जड फर्मिऑन आणि एक हलका अशा चौकडीसाठी एफिमॉव्ह मालिका १३.३८ पासूनच सुरू होते, म्हणजे त्रिकुटांची मालिका नसतानाही चौकड्यांची असते. बझाक आणि पेत्रोव्ह यांनी २०१७ साली पाच कणांसाठी ही सीमा १३.२८ काढली. या सगळ्या खिडक्या अरुंद आहेत, आणि त्यांच्या आत नेमके बसणारे दोन अणू निसर्गाने दिलेले आहेत की नाही, हा वेगळाच प्रश्न.

फर्मिऑनांचा एक व्यावहारिक फायदा मात्र आधीच पदरात पडला आहे. बोसॉनांच्या वायूत प्रकीर्णन-लांबी वाढवली की नुकसानही भरमसाट वाढते. दोन स्पिन-घटकांच्या फर्मिऑनांत मात्र सैल जोड्या उंबरठ्याजवळ अधिकच टिकाऊ होतात. पेत्रोव्ह, सालोमाँ आणि श्ल्यापनिकॉव्ह यांनी २००४ साली कारण दिले. घट्ट जोडी जमायला तीन अणू जवळ यावे लागतात, त्यातले दोन अपरिहार्यपणे एकसारखे, आणि पाउली त्यांना जवळ येऊ देत नाही. त्यांनी काढलेली दोन जोड्यांमधली प्रकीर्णन-लांबी अणूंच्या लांबीच्या ०.६ पट निघाली. लिथियम-६ च्या अतिप्रवाही वायूंवरचे पुष्कळसे काम या टिकाऊपणावर उभे आहे.

विषम वस्तुमानांच्या फर्मिऑन-मिश्रणांची वाटचाल पायरीपायरीने चालू आहे. पोटॅशियम-४० आणि लिथियम-६ चे गुणोत्तर ६.६, म्हणजे त्रिकूट बांधायला पुरेसे नाही. तरी इन्सब्रुकच्या गटाने २०१४ साली दाखवले की पोटॅशियमचा अणू आणि पोटॅशियम-लिथियमची जोडी यांच्यात अपकेंद्री अडथळा ओलांडणारे ठळक आकर्षण आहे. बंधन नाही, पण त्याची चाहूल आहे. फ्लॉरेन्समध्ये मातेओ झाक्कांती यांचा गट क्रोमियम-५३ आणि लिथियम-६ वर काम करतो. तिथे गुणोत्तर ८.८, कार्तावत्सेव्ह-मालिख प्रदेशाच्या आत. अर्बियम-१६७ किंवा इटर्बियम-१७३ लिथियमबरोबर घेतले, तर गुणोत्तर २८-२९ च्या घरात जाते, म्हणजे खऱ्या फर्मिऑन-एफिमॉव्ह प्रदेशात. पण इटर्बियम-लिथियमची अनुस्पंदने अरुंद आहेत, आणि अरुंद अनुस्पंदनाची अडचण वर आलीच आहे. फर्मिऑनांची एफिमॉव्ह मालिका अजून कोणाच्या प्रयोगात दिसलेली नाही.

त्रिकुटांच्या पुढे

मिश्रणांतील त्रिकण-ज्ञान आता दोन दिशांनी पसरते आहे. पहिली रसायनाची. चीनमधील विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली सोडियम-पोटॅशियम रेणू आणि पोटॅशियमचा अणू यांच्या टकरीत चुंबकीय क्षेत्राने हलवता येणारी अनुस्पंदने मोजली, आणि २०२२ साली त्यांच्या आधारे तीन अणूंचे रेणू जुळवले. ही त्रिकुटे एफिमॉव्हची नाहीत. त्यांच्यात आतली गुंतागुंत भरपूर आहे आणि कोणतीही सार्वत्रिक पट त्यांना आवरत नाही. तरी त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता तोच आहे: उंबरठा, अनुस्पंदन, नेमके सरकवलेले क्षेत्र. भारतातही बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत सोडियम आणि पोटॅशियमची अतिशीत मिश्रणे तयार केली जातात.

दुसरी दिशा बहुकणांची. एका मूलद्रव्याच्या समुद्रात दुसऱ्याचे मोजके अणू टाकले की प्रत्येक पाहुणा आपल्याभोवती एक कवच ओढून घेतो. या पोलॅरॉनच्या वर्णनात त्रिकूट-अवस्थांचा वाटा किती, हे अजून वादात आहे. शिकागोच्या गटाने २०१९ साली लिथियमच्या फर्मी-समुद्रातून सीझियम अणूंमध्ये निर्माण होणारे आकर्षण मोजले. त्रिकुटात एका हलक्या अणूने जे केले ते इथे संपूर्ण समुद्र करतो. दोन घटकांच्या संघनितात विरुद्ध बले जवळजवळ छेदून उरणाऱ्या सूक्ष्म सुधारणेतून द्रवाचे थेंब जमतात, असे पेत्रोव्ह यांचे २०१५ चे भाकीत होते. बार्सिलोना आणि फ्लॉरेन्समध्ये ते थेंब दिसले, आणि तिथेही त्यांचे आयुष्य शेवटी तिहेरी टकरीच ठरवतात.

हिशेब

एवढ्या कामानंतर सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे मांडता येईल. मोठ्या अंतरांवर तिघांचे वर्तन दोघांच्या माहितीवरून ठरते, आणि पटींची मालिका त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. मालिकेची सुरुवात कुठे, हे मात्र तीनही जोड्यांची लांबी आणि अनुस्पंदनाची रुंदी कळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून पुढे एखाद्या नव्या मिश्रणात ‘सार्वत्रिक त्रिकूट’ मिळाल्याचे वाचनात आले, तर तीन गोष्टी आधी विचाराव्यात. शिखर एक की अनेक, अनुस्पंदन रुंद की अरुंद, आणि उंबरठ्यावर नसलेली तिसरी जोडी काय करते. पोटॅशियम-रुबिडियमच्या वादात पहिला प्रश्न निर्णायक होता, लिथियम-सीझियममध्ये उरलेले दोन.

खरी कसोटी फर्मिऑनांची राहिली आहे. बोसॉनांच्या मालिकेला एक ना एक संख्या बाहेरून द्यावीच लागते, त्यामुळे सिद्धांत थोडा चुकला तरी ती संख्या बदलून सावरून घेण्याची सोय असते. गुणोत्तर ८.२ आणि १३.६ च्या मधल्या फर्मिऑन-त्रिकुटांना ही सोय नाही. रुंद अनुस्पंदनाजवळ ती ठरल्या जागी सापडली पाहिजेत, आणि सापडली नाहीत तर दोष द्यायला एकही मोकळी संख्या शिल्लक नाही. क्रोमियम-लिथियमसारखी मिश्रणे म्हणून महत्त्वाची. लिथियम-सीझियमने पटींची मालिका सिद्ध केली. जोडीवरून त्रिकूट पूर्णपणे सांगता येते हा दावा नेमका किती खरा, हे ही मिश्रणे ठरवतील.